३५,००० फुटावरही विमान सुसाट चढते? घरच्या सिम्युलेटरमधलं जेट इंजिन खऱ्यासारखं कसं करायचं

आर्वीच्या अलीकडे आमचं गाव, आणि नागपूरहून मुंबईकडे जाणारी बरीच विमानं आमच्या वावरावरूनच जातात. उन्हाळ्यात जेवणं झाली की आम्ही गच्चीवर झोपतो, तेव्हा मोबाईलवर विमान ट्रॅकिंगचं ॲप उघडून पुतण्याला सांगत असतो की ते पहा, हे बोईंग ७३७ आहे, आत्ता २४,००० फुटावर आहे आणि अजून चढून राहिलं. एक दिवस पोट्टा म्हणे, काका हे मिनिटाला अठराशे फूट चढते म्हणते इथे, तुमच्या कॉम्प्युटरवरचं तर चार हजाराने चढते, मग खरं कोणतं? मी खाली येऊन कॉम्प्युटर चालू केला, तेच विमान, तेच नागपूर, तेच वजन. २४,००० फुटावर मिनिटाला ४,०००. तसंच वर जाऊ दिलं तर ३५,००० वरही ३,००० च्या वर. खरं ७३७-८०० ६५ टनाचं असताना तिथपर्यंत पोचते तेव्हा मिनिटाला ८००-९०० फूट निघाले तरी चांगलं म्हणतात. म्हणजे माझं सिम चौपट खोटं सांगत होतं, आणि मला दोन वर्षं त्याचा पत्ता नव्हता, कारण टेकऑफ एकदम बरोबर वाटायचा.

त्याच्यानंतर मी ते कसं दुरुस्त केलं ते इथं सविस्तर लिहून राहिलो. मी फ्लाइटगिअर वापरतो, फुकट आहे, आपल्यासारख्याच्या साध्या कॉम्प्युटरवर चालते, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे विमानाच्या सगळ्या फाईली उघड्या आहेत, नोटपॅडमध्ये वाचता येतात. तुमच्याकडे एक्स-प्लेन किंवा मायक्रोसॉफ्टचं फ्लाइट सिम्युलेटर असेल तरी तपासायची पद्धत हीच, फक्त आकडा कुठे बदलायचा ते वेगळं.

आधी समजून घ्या की विमान चढते कशाच्या जोरावर. इंजिन जेवढा थ्रस्ट, म्हणजे पुढे ढकलणारा जोर, देते त्यातला मोठा हिस्सा हवेचा विरोध, म्हणजे ड्रॅग, खाऊन टाकते. उरते ती शिल्लक, आणि चढायचं काम फक्त त्या शिल्लकीवर. कापसाचं कसं असते, क्विंटल किती झाला आणि भाव किती मिळाला हे गावभर होते, पण घरात काय आलं ते बियाणं, खत, फवारणी, वेचाई वजा केल्यावरच कळते. इथंही तसंच. हिशोब असा: थ्रस्ट वजा ड्रॅग, गुणिले वेग, भागिले वजन.

आकडे टाकून पाहू. विमान ६५ टन म्हणजे साधारण १,४३,३०० पाउंड. १०,००० फुटावर, स्पीडच्या डायलवर २५० नॉट (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल, साधारण १.८५ किलोमीटर), खरा वेग जवळपास २८८ नॉट, म्हणजे सेकंदाला ४८७ फूट. समजा दोन्ही इंजिनं मिळून २४,००० पाउंड देतात आणि ड्रॅग आहे ८,७००. शिल्लक १५,३००. गुणाकार भागाकार केला की सेकंदाला ५२ फूट, मिनिटाला ३,१००. आता ३५,००० फूट, माक ०.७८ (म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ०.७८ पट), खरा वेग ४५० नॉट, सेकंदाला ७५९ फूट. ड्रॅग साधारण ८,४००, पण थ्रस्ट दोन्ही मिळून ११,००० वर आला. शिल्लक राहिली २,६००. मिनिटाला निघाले सव्वाआठशे.

आता यातली खरी गंमत पहा. खाली १०,००० फुटावर इंजिनाचा आकडा दहा टक्के चुकला तर चढण्याचा दर १५-१६ टक्क्यांनी चुकते, कोणाच्या लक्षातही येत नाही. पण वर ३५,००० वर तेच दहा टक्के जास्त धरले, म्हणजे ११,००० च्या जागी १२,१००, तर शिल्लक २,६०० वरून ३,७०० होते, आणि दर सव्वाआठशेवरून पावणेबाराशेच्या आसपास जाते. दहा टक्क्याच्या चुकीचे चाळीस टक्के झाले. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की विमानाचं मॉडेल चांगलं की वाईट हे टेकऑफवरून ठरवूच नये, शेवटच्या पाच हजार फुटावर ठरवावं. बहुतेक लोक व्हिडिओ पाहून, आवाज ऐकून, कॉकपिटचे बटन पाहून मॉडेल भारी म्हणतात. मीही एकदा पैसे देऊन एक विमान घेतलं होतं, दिसायला इतकं सुंदर की पाहतच राहावं, पण ३९,००० फुटावर पूर्ण वजनाने ते मिनिटाला अडीच हजाराने चढत होतं आणि फाईली बंद, काही दुरुस्तच करता येत नव्हतं. म्हणून घ्यायच्या आधी कोणाकडून तरी वरच्या चढाईचे आकडे विचारून घ्या.

सुरुवात मोजण्यापासून करा, फाईलला हातही लावू नका. एक वही घ्या, साधी शाळेची, कारण आमच्याकडे लाईट कधी जाईल नेम नाही आणि एकदा माझी अर्ध्या तासाची चढाई, सगळ्या नोंदी, लाईटबरोबर गेल्या. वहीत लिहिलेलं राहते. हवामान मॅन्युअल करा, वारा शून्य, समुद्रसपाटीला १५ अंश आणि दाब १०१३ हेक्टोपास्कल. याला स्टँडर्ड हवा म्हणतात आणि विमानांचे सगळे आकडे आधी ह्याच हवेत मोजलेले असतात. लाइव्ह वेदर चालू ठेवून टेस्ट केली तर आज एक उत्तर येईल आणि उद्या दुसरं, मग डोकं धरून बसाल.

वजन नीट घाला. ही चूक सगळ्यात जास्त होते, अगदी अनुभवी लोकांकडून. बरेच सिम सुरू होताना विमान अर्धवट इंधनाचं आणि प्रवाशांशिवाय देतात, आणि रिकामं ७३७-८०० हे ४१-४२ टनाचंच असते, ते तर चढणारच ना धडाधड. जास्तीत जास्त टेकऑफ वजन ७९ टन. नागपूर-मुंबई हे ७०० किलोमीटरच्या आसपासचं छोटं उड्डाण आहे, भरलेलं विमान आणि राखीव धरून सहा-साडेसहा टन इंधन घेतलं तर टेकऑफला ६४-६५ टन होतात. म्हणून मी ६५ धरलं. तुम्हीही तेच धरा म्हणजे खालचे आकडे जुळवता येतील.

मग उडा आणि खऱ्या पायलटसारखा वेग पाळा. १०,००० फुटापर्यंत २५० नॉट, तिथे थोडं नाक खाली करून वेग २८० वर न्या, मग २८० धरूनच चढत राहा, साडेबत्तीस हजाराच्या आसपास २८० नॉट आणि माक ०.७८ एकच होतात, तिथून पुढे माक ०.७८ धरा. ३०० नॉटने चढलात तर हा बदल अलीकडे, २९,३०० च्या जवळ येते. ऑटोपायलटला व्हर्टिकल स्पीड देऊ नका, ही फार मोठी गोष्ट आहे. मिनिटाला १,८०० दे म्हटलं की तो इमानदारीने १,८०० देईल आणि त्यासाठी स्पीड खाऊन टाकेल, तुम्हाला वाटेल मस्त चढून राहिलं. वेग धरायला सांगा, लेव्हल चेंज किंवा स्पीड विथ पिच जे काही तुमच्या सिममध्ये म्हणत असतील ते, आणि दर आपोआप काय येते ते पहा. दर पाच हजार फुटाला वहीत लिहा: वेळ, व्हर्टिकल स्पीड, एन१ (इंजिनाच्या पुढच्या पंख्याचा फिरण्याचा वेग, टक्क्यात), एका इंजिनाचा थ्रस्ट, इंधनाचा फ्लो. फ्लाइटगिअरमध्ये प्रॉपर्टी ब्राउझर उघडला की इंजिनाच्या खाली थ्रस्ट पाउंडात दिसतो.

माझ्या वहीतलं पहिल्या दिवशीचं पान अजून आहे:

१०,००० – दर ४,६००
२४,००० – दर ४,०००
३५,००० – दर ३,२००, एकूण वेळ ९ मिनिटं

खऱ्याला ६५ टनाने ३५,००० पर्यंत १८ ते २२ मिनिटं लागतात. हे एवढं एकच घड्याळ लावून तपासलं तरी तुमच्या मॉडेलची अर्धी परीक्षा झाली.

आता दोष इंजिनात आहे की ड्रॅगमध्ये, हे आधी वेगळं करा, नाहीतर एका चुकीवर दुसरी चूक चढवाल. पद्धत सोपी आहे. ३५,००० वर विमान सरळ ठेवा, ऑटोपायलट उंची धरेल, ऑटोथ्रॉटल माक ०.७८ धरेल, पाच मिनिटं काहीच करू नका. सगळं स्थिर झालं की थ्रस्ट वाचा. सरळ उड्डाणात वेग वाढत नाही, कमीही होत नाही, म्हणजे थ्रस्ट आणि ड्रॅग सारखेच. दोन्ही इंजिनांचा मिळून ८,००० ते ८,५०० पाउंड येत असेल तर ड्रॅग बरोबर आहे, त्याला हात लावू नका. दुसरी खूण उतरताना. थ्रॉटल पूर्ण मागे घेऊन, स्पीडब्रेक न वापरता उतरा, दर हजार फुटामागे साधारण तीन नॉटिकल मैल गेले पाहिजेत, म्हणजे ३५,००० वरून शंभराच्या वर मैल. त्याच्या खूप पुढे तरंगत गेलं तर ड्रॅग कमी आहे. माझं ८,३०० आलं आणि उतरतानाही जमलं, म्हणजे दोष पक्का इंजिनात होता.

इंजिनाची फाईल ही इंजिन्स नावाच्या फोल्डरमध्ये असते, एक्सएमएल फाईल. आधी तिची कॉपी करून दुसरीकडे ठेवा. उघडल्यावर वर दिसतील मिलथ्रस्ट, बायपासरेशियो, टीएसएफसी, आयडलएन१, आयडलएन२, मॅक्सएन१, मॅक्सएन२ असे आकडे, आणि खाली दोन टेबलं, आयडलथ्रस्ट आणि मिलथ्रस्ट. वरचा मिलथ्रस्ट म्हणजे जमिनीवर उभ्या विमानाचा पूर्ण थ्रस्ट. ७३७-८०० वर सीएफएम५६-७बी इंजिन असते, त्याचा एक प्रकार ७बी२६, २६,३०० पाउंडाचा. माझ्या फाईलमध्ये हा आकडा बरोबर होता. म्हणूनच टेकऑफ बरोबर वाटायचा! लोक हा एकच आकडा तपासतात आणि समाधान मानतात, पण विमान जमिनीवर उभं राहायला थोडंच घेतलं आहे.

खेळ सगळा खालच्या टेबलात आहे. त्यात उभ्या बाजूला माक असते, आडव्या बाजूला उंची, आणि आत गुणक. थ्रस्ट किती तर मिलथ्रस्ट गुणिले तो गुणक. माझ्या फाईलमध्ये माक ०.८ च्या ओळीत ३०,००० फुटाखाली लिहिलं होतं ०.४१७ आणि ४०,००० खाली ०.२७५. सिम मधलं अंतर सरळ रेषेत भरते, म्हणजे ३५,००० ला ०.३४६. गुणा २६,३०० शी, एका इंजिनाला ९,१००, दोघांचे १८,२००. वरच्या हिशोबात घालून पहा, मिनिटाला ३,१०० येतात. पुतण्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या एका ओळीत होतं.

हे टेबल खोटं नव्हतं, ते दुसऱ्याच जातीच्या इंजिनाचं होतं. त्याच टेबलात शून्य फुटाच्या रकान्यात वरखाली पाहिलं तर दिसते की माक ०.२ ला थ्रस्ट थोडा कमी होते, मग माक ०.८ ला परत वाढून उभ्या विमानाएवढा, १.०२ पर्यंत जाते. असं वागते जुनं बारीक टर्बोजेट किंवा फायटरचं इंजिन. आपल्या प्रवासी विमानाचं इंजिन मोठ्या पंख्याचं, बायपास रेशियो (इंजिनाच्या गाभ्याबाहेरून जाणारी हवा गाभ्यातल्या हवेच्या किती पट) पाचाच्या वर, ते भरपूर हवा घेते आणि तिला थोडासाच जास्त वेग देऊन मागे फेकते. विमान उभं असताना हे फार ताकदीचं. पण विमानच ४५० नॉटने, म्हणजे सेकंदाला २३० मीटरने पळून राहिलं, तर आत येणारी हवा आधीच तेवढ्या वेगाची आहे, आणि फेकलेल्या हवेचा वेग त्याच्यापेक्षा जितका जास्त तेवढाच धक्का मिळते. पळत्या बैलगाडीला मागून ढकलायचं असेल तर आधी तिच्या बरोबरीने पळावं लागते ना, आणि मग जी ताकद उरेल ती ढकलण्याची. तसंच. त्यात हवा विरळ. ३५,००० फुटावर हवेची घनता समुद्रसपाटीच्या ३१ टक्केच राहते. पण वेगाचा मार त्याच्यावर पडते, म्हणून या इंजिनाचा थ्रस्ट ३१ टक्के न राहता पाचव्या हिश्श्याच्या आसपास येते. तुमच्या टेबलात ३५,००० आणि माक ०.८ ला ०.२० ते ०.२३ मध्ये काही नसेल तर टेबल मोठ्या पंख्याचं नाही, एवढं पक्कं समजा.

एक गोष्ट मला उशिरा कळली, तुम्हाला आधीच सांगून देतो. फाईलमध्ये बायपासरेशियो ५ लिहिलं म्हणून जेएसबीसिम आपोआप थ्रस्टचं वागणं बदलत नाही. जेएसबीसिम म्हणजे फ्लाइटगिअरमध्ये विमानाचं गणित करणारा भाग. त्या आकड्यावरून तो इंजिन किती लवकर वेग पकडते ते ठरवतो, थ्रस्ट येते टेबलातूनच. मी आठवडाभर तोच आकडा बदलत बसलो आणि दर जागचा हलेना.

मी जे टेबल बसवलं ते असं. जमिनीवर माक शून्यला १.०, माक ०.२ ला ०.८३, माक ०.४ ला ०.७०. १०,००० फुटावर माक ०.४५ च्या आसपास ०.४६. २४,००० वर माक ०.६६ ला ०.३१ निघेल असं. माक ०.८ च्या ओळीत ३०,००० ला ०.२५ आणि ४०,००० ला ०.१६५. हे काही कारखान्याचे गुप्त आकडे नाहीत, मी वर सांगितलेल्या हिशोबातून उलटे काढलेले आहेत: दर माहीत आहे, ड्रॅग मोजला, वजन माहीत, मग थ्रस्ट किती पाहिजे ते निघते, त्याला २६,३०० ने भागलं की गुणक. तुमच्या विमानाचे तुम्ही असेच काढा. एकावेळी एकच ओळ बदला, सेव्ह करा, सिम परत चालू करा, परत चढा, वहीत लिहा. कंटाळवाणं काम आहे पण यात शॉर्टकट नाही, आणि दोन ओळी एकदम बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही.

टेबल बसल्यावर मला ३५,००० वर ८०० च्या आसपास मिळाले आणि एकूण वेळ २० मिनिटं. त्यादिवशी आणखी एक गोष्ट दिसली जी आधी कधी दिसली नव्हती. २८० नॉट धरून चढताना दर कमी कमी होत गेला, आणि जसं माक ०.७८ वर बदललं तसा दर एकदम वाढला. मला वाटलं काही बिघडलं. पण खऱ्या विमानात असंच होते. डायलवर २८० तेच राहिले तरी वर जाताना हवा विरळ होत असल्याने खरा वेग वाढत असते, आणि शिल्लकीतला पाचवा हिस्सा तो वेग वाढवण्यात जाते. माक धरलं की उलटं, वर हवा थंड होत जाते म्हणून त्याच माकचा खरा वेग कमी होत जाते, आणि तिकडून थोडी ताकद परत चढण्याकडे मिळते. जुन्या टेबलात शिल्लकच इतकी जास्त होती की कुठेही नेलं तरी धडाडूनच चढायचं, या उडीकडे लक्षच गेलं नव्हतं. हे तुमच्या सिममध्ये स्पष्ट दिसलं तर समजा गाडी रुळावर आली.

इंधन. टीएसएफसी म्हणजे एक पाउंड थ्रस्टसाठी तासाला किती पाउंड इंधन. हा आकडा पुस्तकातून उचलून टाकण्यापेक्षा क्रूझवर जुळवा. ६५ टनाला, ३५,००० वर, माक ०.७८ ला एका इंजिनाचा फ्लो तासाला १,२०० किलोच्या आसपास यायला पाहिजे. जास्त आला तर आकडा कमी करा, बस.

थ्रॉटल पुढे केल्यावर इंजिनाने किती वेळ घ्यावा हेही पहा. प्रमाणपत्र मिळण्यासाठी अमेरिकेच्या नियमात अशी अट आहे की हवेतल्या आयडलवरून (थ्रॉटल पूर्ण मागे असतानाचा सगळ्यात कमी वेग) किंवा १५ टक्के थ्रस्टवरून ९५ टक्क्यापर्यंत पाच सेकंदाच्या आत पोचलं पाहिजे. जमिनीवरच्या आयडलवरून त्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागते. सुरुवातीला ते सुस्त असते, मग एकदम उचलते. सीएफएम५६ चं आयडल एन१ वीस-एकवीस टक्के आणि एन२, म्हणजे आतल्या गाभ्याचा वेग, साठच्या थोडं खाली असते. दोन सेकंदात फुल झालं तर ते खोटं, आणि दहा सेकंद लागले तरी खोटं. याचा चढाईशी फारसा संबंध नाही पण लँडिंग करताना हात चुकतात.

आता आपल्या उन्हाळ्याचं. हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे कारण मे महिन्यात इथं ४५ अंश म्हणजे काय ते आपल्याला कोणी शिकवायला नको, दुपारी बारा ते चार बैलही झाडाखालून हलत नाही. नागपूर विमानतळ १,०३० फुटाच्या आसपास उंचीवर आहे. तिथे ४५ अंशाला हवा इतकी विरळ होते की विमानाला ती साडेचार हजार फुटाची हवा वाटते, याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. समुद्रसपाटीच्या स्टँडर्ड हवेपेक्षा घनता १३ टक्के कमी. पंखाला जास्त वेग लागते, धावपट्टी जास्त लागते.

पण इंजिनाचं थोडं वेगळं आहे. जेएसबीसिमच्या बहुतेक फाईलीत टेबलाची आडवी बाजू डेन्सिटी अल्टिट्यूडची असते, म्हणजे हवा जराशी तापली की थ्रस्ट लगेच कमी. खरं इंजिन असं वागत नाही. ते फ्लॅट रेटेड असते, म्हणजे एका ठराविक तापमानापर्यंत थ्रस्ट एकसारखा ठेवते, त्याच्यासाठी एन१ वाढवत नेते, आणि त्या तापमानाच्या पुढे आतली उष्णता सोसत नाही म्हणून थ्रस्ट सोडायला लागते. या इंजिनासाठी ती मर्यादा स्टँडर्डपेक्षा १५ अंश जास्त, म्हणजे समुद्रसपाटीला ३० अंश, नागपूरच्या उंचीवर २८. थोडक्यात जानेवारीतल्या सकाळी १३ अंशाला आणि २८ अंशाला इंजिन तेवढाच थ्रस्ट देते, पण साध्या टेबलाने सिम त्यात साडेचार टक्के घट दाखवते जी खरी नाही.

मी केलं ते असं. टेबलाची आडवी बाजू बदलून प्रेशर अल्टिट्यूड (फक्त हवेच्या दाबावरून धरलेली उंची) केली, तो व्हेरिएबल जेएसबीसिममध्ये आहे, आणि फंक्शनमध्ये गुणाकाराचा टॅग टाकून त्यात दुसरं छोटं टेबल जोडलं, तापमानाचं. तापमान तिथे रँकिनमध्ये लागते, घाबरू नका, सेल्सिअसमध्ये २७३.१५ मिळवा आणि १.८ ने गुणा. २८ अंश म्हणजे ५४२, ४५ अंश म्हणजे ५७२.७. ५४२ पर्यंत गुणक १.०, तिथून ५७२.७ ला मी ०.८७ धरला. एवढं केल्यावर थंडीतलं आणि मेमधलं टेकऑफ दोन वेगळी टेकऑफ वाटायला लागली. नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटरची आहे त्यामुळे ६५ टनाला अडचण येत नाही, पण ७८ टनाने दुपारी उडून पहा, शेवटचे मीटर पाहताना हाताला घाम सुटते.

एक्स-प्लेनवाल्यांना त्याच्याबरोबर प्लेन मेकर नावाचं सॉफ्टवेअर येते, इंजिनाच्या सेटिंग तिथे. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये इंजिनाच्या कॉन्फिग फाईलमध्ये स्टॅटिक थ्रस्ट असते आणि एन१ व माकवर थ्रस्ट किती याचं टेबल असते, विचार तोच, फक्त विकतच्या बऱ्याच विमानांच्या फाईली कुलूपबंद असतात. तिथे तुम्ही एकच करू शकता, मोजून पाहा आणि बनवणाऱ्याला आकड्यासहित लिहा. नुसतं रिअलिस्टिक वाटत नाही असं लिहू नका, उंची, वजन, तापमान, माक, मिळालेला दर, असं लिहा, मग ते टाळू शकत नाहीत.

आणि आकाशातल्या विमानाशी तुलना करताना एक सांभाळा. पायलट बहुतेक वेळा पूर्ण थ्रस्ट वापरतच नाहीत. धावपट्टी लांब आणि विमान हलकं असेल तर कॉम्प्युटरला खोटं जास्त तापमान सांगून कमी थ्रस्टवर उडतात, इंजिनाचं आयुष्य वाढते म्हणून. ही कपात २५ टक्क्यांपर्यंत चालते. चढतानाही ७३७ मध्ये क्लाइंब-१ म्हणजे दहा टक्के कमी आणि क्लाइंब-२ म्हणजे वीस टक्के कमी असे प्रकार आहेत, ते १५,००० फुटापर्यंत हळूहळू परत पूर्ण क्लाइंब थ्रस्टवर येतात. म्हणून ॲपमधले खालचे आकडे तुमच्या सिमपेक्षा कमी दिसले तर लगेच टेबल कापायला बसू नका, तुलना २०,००० च्या वरची करा. ॲपमध्ये दिसते तो ग्राउंड स्पीड असते, त्यात वारा मिसळलेला, त्याला विमानाचा वेग समजू नका. वजनही ॲपमध्ये दिसत नाही, म्हणून एका विमानावरून काही ठरवू नका, पंधरा-वीस विमानं लिहा. आम्ही आता तेच करून राहिलो. पुतण्या गच्चीवरून ओरडते, काका चोवीस हजार, साडेसतराशे, मी खाली वहीत तारीख घालून लिहितो, आणि त्याच्याच बाजूच्या रकान्यात सिमचा आकडा.